बावीस वह्या आणि एक गांठोडें

शाळेच्या वार्षिकासाठीं कांहीं लिहून द्यावें असें आमच्या मराठीच्या बाईंनीं सांगितलें, तेव्हां एखाद्या सहलीचें वर्णन अगर एखाद्या थोर पुरुषाचें चरित्र लिहावें असा माझा विचार होता. परंतु गेल्या मे महिन्याच्या सुटींत, म्हणजे २०२५ सालीं, माझ्या हातून एक गोष्ट घडली. आणि दुसरें कांहीं लिहावयास बसलें कीं मन फिरून तिकडेच धांव घेतें. म्हणून तीच येथें लिहीत आहें. गोष्ट संगणकाची आहे. तथापि ज्या पालकांना त्या यंत्राचा तिटकारा असेल त्यांनींहि एवढ्यावरून पान उलटूं नये, कारण तिचा आरंभ कागदाच्या वह्यांपासूनच होतो.

माझे आजोबा पाटण तालुक्यांत, कोयनेच्या खोऱ्यांतील एका लहानशा गांवीं, प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. १९६४ पासून १९८५ पर्यंत, बावीस वर्षें, ते रोज रात्रीं कंदिलाजवळ बसून एक वही लिहीत. अंगणांत त्यांनीं एक पत्र्याचा डबा ठेविला होता. त्यांत सांचलेलें पाणी फूटपट्टीनें मोजावयाचें, आणि त्या दिवसाचा पाऊस, भातशेताची स्थिति व शाळेंतील मुलांची हजेरी, एवढेंच लिहावयाचें. घरची गोष्ट वहींत आणावयाची नाहीं, हा त्यांचा नियम. दर वर्षाला एक वही. साल तेवढें पुठ्ठ्यावर, आंत नुसती तारीख आणि वार. पुढें त्यांची तालुक्याच्या गांवीं बदली झाली. तेथें डबा ठेवावयाला अंगण नव्हतें, म्हणून वही थांबली.

२०२० च्या दिवाळीच्या सुटींत बाबांनीं एक स्कॅनर आणला आणि गांवच्या घरीं बसून या सर्व वह्यांचीं चित्रें घेतलीं. मी तेव्हां दहा वर्षांची होतें. पानें उलटण्याचें काम माझ्याकडे होतें. समोरासमोरचीं दोन पानें मिळून एक चित्र, आणि प्रत्येक वहीचें एक फोल्डर. फोल्डरला सालाचें नांव बाबा देत. आंतील चित्रांना ००१, ००२ असे आंकडे यंत्र आपण होऊन देई. नवी वही लाविली कीं आंकडा पुन्हां ००१. बाबा पुठ्ठ्यांचींहि चित्रें घेणार होते. परंतु मी कंटाळलें होतें. “पुठ्ठ्यांचीं कशाला, बाबा? त्यांवर आहे तरी काय?” असें म्हणून मीं बावीस चित्रें वांचविलीं! एकंदर चित्रें २,०६१ झालीं. हा आंकडा वाचकांनीं कृपा करून लक्षांत ठेवावा.

पुढल्याच वर्षीं, जुलै २०२१ मध्यें, त्या खोऱ्यांत जो पाऊस झाला त्याची आठवण आमच्या सातारा जिल्ह्यांत अद्याप कोणी विसरलेलें नाहीं. आमच्या घराची मागची भिंत खचली, आणि वह्यांची ट्रंक दोन दिवस पाण्यांत राहिली. शाईनें लिहिलेल्या वह्या त्या. ट्रंक उघडली तेव्हां निळा लगदा हातीं आला. ज्या पावसाचा हिशेब मामंजींनीं एवढीं वर्षें ठेविला त्यानेंच तो पुसला, असें आई म्हणाली. आजोबा मात्र कांहींच बोलले नाहींत. त्यानंतर ते आमच्याकडे साताऱ्यास राहावयास आले. काचबिंदूनें त्यांची दृष्टि आतां बहुतेक गेली आहे. रोज दिवेलागणीनंतर मी संगणकासमोर बसतें. ते एखादें साल सांगतात, आणि त्या सालच्या वहींतील आजच्या तारखेची नोंद मी त्यांना वाचून दाखवितें. चार ओळींची नोंद ती, वाचावयास अर्धें मिनिटहि लागत नाहीं. पण ती ऐकिल्याखेरीज ते जेवावयास बसत नाहींत.

आतां त्या मे महिन्याकडे वळतें. दादाच्या अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठीं कांहीं मोठे प्रोग्राम संगणकावर घालावयाचे होते आणि डिस्कवर जागा उरली नव्हती. सर्वांत अधिक जागा आजोबांच्या वह्यांनीं अडविली होती: अठरा गीगाबाइट. बाबा मला म्हणाले, “तूं शाळेंत पायथन शिकतेस ना? मग त्या फोल्डरांचें एक झिप करून पेन-ड्राइव्हवर ठेव, आणि इकडची जागा मोकळी कर. संध्याकाळीं लागेल तें साल तेवढें काढून वाचीत जा.” माऊसचें उजवें बटण दाबूनहि हें काम होतें, हें मला माहीत नव्हतें असें नाहीं. पण बाबांनीं पायथनचें नांव काढलें होतें! आपण स्वतः स्क्रिप्ट लिहावी आणि ती दादाला दाखवावी, असा मोह मला झाला, हें कबूल केलेलें बरें.

झिप म्हणजे काय, हें समजावून देण्यास आजोबांच्या वहीइतकें चांगलें उदाहरण मला दुसरें सांपडत नाहीं. कागद वांचावा म्हणून आजोबा ‘पाऊस’ हा शब्द कधीं पुरता लिहीत नसत, ‘पा.’ एवढेंच लिहीत. हजेरीला नुसता ‘ह.’. उलट ‘धरणीकंप’ हा शब्द बावीस वर्षांत क्वचितच लागला. तो त्यांनीं पुरता लिहिला आहे. जें वारंवार येतें त्याला आंखूड खूण, जें क्वचित् येतें त्याला लांब, हीच युक्ति डेव्हिड हफमन या अमेरिकन विद्यार्थ्यानें गणिताच्या कसोटीस लावून पूर्णत्वास नेली व १९५२ सालीं प्रसिद्ध केली. परीक्षा द्या अगर एक निबंध लिहा, असा पर्याय त्याच्या अध्यापकांनीं वर्गापुढें ठेविला होता, आणि हफमननें निबंध पत्करला. (आमच्या वर्गांतील कित्येकांना ही हकीकत फार आवडली, परंतु निबंध पत्करावयास कोणी तयार झालें नाहीं.)

आजोबांची दुसरी युक्ति ‘व. प्र.’ ही. व. प्र. म्हणजे वरीलप्रमाणें. आषाढांत आठ आठ दिवस सारखा पाऊस लागला कीं तेंच तें पुन्हां कोण लिहिणार? अब्राहम लेंपेल व जेकब झिव्ह या दोघां इस्रायली पंडितांनीं १९७७ सालीं जी रीत मांडली तिचें मर्म हेंच आहे: जो मजकूर मागें येऊन गेला आहे तो पुन्हां न लिहितां, इतकें अंतर मागें जा आणि तेथून इतकी अक्षरें उतरून घे, एवढेंच लिहावयाचें. फिल काट्झ यानें अमेरिकेंत १९८९ सालीं झिप प्रचारांत आणलें, आणि पुढें त्यांत या दोन रीती एकत्र केल्या. आजहि झिपची फाइल उघडून तिच्या पोटांत पाहिल्यास पहिलीं दोन अक्षरें त्याच्या नांवाचीं आद्याक्षरेंच, ‘पी’ आणि ‘के’, सांपडतात. आजोबांचें ‘व. प्र.’ एकाच दिवसापुरतें मागें पाही. झिपची नेहमींची रीत ३२,७६८ बाइटांपर्यंत मागें पाहते. आणि मुख्य गोष्ट ही कीं, गांठोडें सोडल्यावर मूळचें अक्षर अन् अक्षर जसेंच्या तसें परत मिळतें. मोबाइलवरील फोटो आधींच दाबलेले असतात, त्यामुळें त्यांचें झिप करून जागा फारशी वांचत नाहीं. परंतु आमचीं चित्रें स्कॅनरनें न दाबतां ठेविलेलीं होतीं.

असो. माझी स्क्रिप्ट अवघ्या बारा ओळींची झाली. मोठ्या फोल्डरांत शिरावयाचें, आंतील प्रत्येक पोटफोल्डर पाहावयाचें, त्यांतील एकेक चित्र उचलून झिपमध्यें घालावयाचें, आणि सगळें संपल्यावर झिप नीट बंद करावयाचें. पहिल्या खेपेस अठरा गीगाबाइटांचें गांठोडें बरोबर अठरा गीगाबाइटांचेंच झालें! पायथनच्या झिपफाइल या साधनाला ‘दाबून भर’ असें स्पष्ट सांगावें लागतें. न सांगितल्यास तें फाइली नुसत्या एकापुढें एक रचून ठेवितें. ही गोष्ट मीं पुस्तकांत पाहून सुधारली, आणि अठराचे अकरा गीगाबाइट झाले. आपण मोठें काम केलें असें मला वाटलें.

खरी चूक निराळीच होती. गांठोड्यांत घालतांना प्रत्येक फाइलीला कोणतें नांव द्यावयाचें हेंहि आपणच ठरवावयाचें असतें. कांहींच न सांगितल्यास संगणकावरील तिचा सबंध पत्ता, म्हणजे कोणाच्या खात्यांतील कोणत्या फोल्डरांतील कोणत्या पोटफोल्डरांतील ही सारी वंशावळ, नांवाला चिकटते. तें लांबलचक शेंपूट मला ओंगळ दिसलें. म्हणून मीं तें सगळेंच छाटून टाकलें आणि फक्त शेवटचें नांव ठेविलें: ००१, ००२, ००३. वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, त्या वंशावळींत सालहि होतें. सालापर्यंत ठेवून त्यापलीकडचें छाटावयास पाहिजे होतें, आणि त्याला एकाच शब्दाचा काय तो फरक लागला असता.

पायथननें मला सावध केलें नाहीं असेंहि नाहीं. स्क्रिप्ट चालत असतांना पडद्यावर ‘नांव दुबार, नांव दुबार’ अशा अर्थाच्या इंग्रजी ओळी भराभर वर सरकत होत्या. पण ती नुसती सूचना होती, चूक म्हणून काम कांहीं थांबलें नव्हतें. आणि जें काम थांबत नाहीं तें बिनचूक आहे असा माझा समज होता. स्क्रिप्टची बारावी ओळ मूळ फोल्डर पुसून टाकण्याची होती. या आज्ञेनें पुसलेलें संगणकाच्या कचरापेटींतहि जात नाहीं. मीं पेन-ड्राइव्ह काढला, आईला दाखविला, आणि दादाला जागा मोकळी झाल्याचें मोठ्या ऐटींत सांगितलें. दादानें त्याच दुपारीं आपले प्रोग्राम घालावयास आरंभ केला.

दुसऱ्या दिवशीं, १६ मेच्या दुपारीं, संध्याकाळची तयारी करावी म्हणून मीं गांठोडें सोडलें. काम अपेक्षेहून लवकर संपलें. फोल्डर उघडलें तों आंत एकहि पोटफोल्डर नाहीं. नुसतीं चित्रें. पहिलें ००१, शेवटचें ०९८. मीं तीं दोनदां मोजलीं. बावीस वह्यांतून अठ्याण्णव चित्रें परत आलीं होतीं, आणि तींहि बहुतेक एकाच वहीचीं. बाकीच्या वह्यांचें ००१ एकमेकांवर पडून पुसलें गेलें होतें, कारण एका फोल्डरांत एका नांवाची एकच फाइल राहूं शकते. मीं दादाला हांक मारली. पुसलेल्या डिस्कवरून कांहीं परत मिळतें का तें त्यानें तासभर पाहिलें. पण मोकळ्या झालेल्या जागेवर त्याचेच प्रोग्राम जाऊन बसले होते. “बाबा आल्यावर त्यांना सांग,” एवढेंच तो म्हणाला. माझ्यावर रागावला असता तर मला बरें वाटलें असतें.

बाबा त्या दिवशीं उशिरा यावयाचे होते. दिवेलागण झाली. आजोबा नेहमींप्रमाणें खुर्चीवर येऊन बसले आणि म्हणाले, “बाळ, आज सत्तर सालचें वाच.”

मी संगणकासमोर बसलें. पडद्यावर कांहीं नव्हतें. मे महिन्याची नोंद ती, त्यांत असणार तरी काय, असा विचार करून मीं तोंडाला येईल तें म्हटलें: “१६ मे, रविवार. पा. नाहीं. शाळा बंद. तरवे टाकण्यासाठीं राब भाजून झाले.”

“वार पुन्हां वाच.”

“रविवार.”

आजोबा थोडे थांबले. “१९७० च्या १६ मेला शनिवार होता,” ते म्हणाले. “मी वार चुकून लिहिला असें कधीं झालें नाहीं. तूं वहींतून वाचीत नाहींस, बाळ. काय झालें आहे?”

मग मीं सर्व सांगितलें. रडत रडत सांगितलें, हेंहि लिहितें, कारण या लेखांत आतां लपविण्यासारखें कांहीं राहिलें नाहीं. आजोबांनीं सगळें ऐकून घेतलें आणि म्हणाले, “वह्या पाण्यांत गेल्या तेव्हां मी कोणाला कांहीं बोललों का? चल, जेवावयास वाढा म्हणावें.” त्या रात्रीं नोंद न ऐकतांच ते जेवले, फारसें जेवले नाहींत.

बाबा रात्रीं नऊच्या सुमारास आले. त्यांनीं मला एकच प्रश्न विचारला, “झिप केवढें आहे?”

“अकरा गीगाबाइट.”

“आणि चित्रें अठ्याण्णव? अठ्याण्णव चित्रांचे सुद्धां एक गीगाबाइट होत नाहीं. मग बाकी वजन कशाचें?”

किराणा दुकानांत तराजू धरणाऱ्या पोराला जी गोष्ट सुचली असती ती मला सबंध दुपारभर सुचली नव्हती. मीं झिपमधील नोंदी मोजण्याची एक ओळ लिहून चालविली, आणि पडद्यावर आंकडा उमटला: २,०६१. सारीं चित्रें आंत होतीं. एकहि गेलें नव्हतें.

झिपची रचना मोठी मौजेची आहे. ग्रंथाची अनुक्रमणिका बहुधा आरंभीं असते. झिपची शेवटीं असते. (म्हणूनच उतरून घेतांना मध्येंच तुटलेलें झिप साध्या रीतीनें उघडत नाहीं, त्याची अनुक्रमणिकाच आलेली नसते.) तींत प्रत्येक फाइलीचें नांव, तिची तारीख व वेळ, तिच्यांत कांहीं बिघाड झाला आहे का हें ताडून पाहण्याचा एक आंकडा, आणि गांठोड्यांत ती कोठून सुरू होते त्याचें ठिकाण, इतकें लिहिलेलें असतें. दोन नोंदींचें नांव एकच असलें तरी झिपची कांहीं हरकत नसते. त्यांचीं ठिकाणें निराळीं असतात. समजा, एका वर्गांत गणेश नांवाचे बावीस विद्यार्थी आहेत. गुरुजींनीं “गणेश!” अशी हांक मारली, आणि दर वेळीं शेवटच्या बांकावरचा गणेशच उठून उभा राहिला, तर बाकीचे एकवीस वर्गांत नाहींत असें म्हणावयाचें काय? मीं पायथनला नांवानें हांक मारावयास सांगितलें होतें, आणि अशा वेळीं पायथन त्या नांवाच्या शेवटच्या नोंदीकडेच जातें. आतां आम्हीं हजेरीपट हातीं घेतला आणि अनुक्रमांकानें एकेकाला उठविलें. नोंद पहिली, तिला नवें नांव. नोंद दुसरी, तिला नवें नांव. असें २,०६१ पर्यंत. ही स्क्रिप्ट नऊ ओळींची होती, आणि तिच्यांत पुसण्याची ओळ नव्हती. रात्रीं साडेअकरा वाजतां सगळीं चित्रें डिस्कवर आलीं. दादानें आपले प्रोग्राम काढून जागा करून दिली होती.

परंतु तीं कोणत्या वहीचीं? संगणकानें चित्रें भरलीं तीं कांहीं क्रमानें भरलीं नव्हतीं. दादाच्या आग्रहानें आमच्या घरीं लिनक्स आहे, आणि तेथें ही आज्ञा एखाद्या फोल्डरांतील फाइली ज्या क्रमानें देते त्याचा नेम नसतो. येथें अनुक्रमणिकेंतील तारीख-वेळ उपयोगास आली. २०२० च्या दिवाळींत कोणत्या दिवशीं, किती वाजून किती मिनिटांनीं तें चित्र घेतलें, हें तेथें लिहिलेलें होतें. सेकंद सुद्धां, मात्र झिपचें हें घड्याळ दोन दोन सेकंदांनीं पुढें सरकतें. वेळेप्रमाणें चित्रें ओळीनें लाविलीं, तों मूळचा आंकडा ००१ पासून नव्वदाच्या पुढें चढत जाई आणि एकदम पुन्हां ००१ येई. जेथें ००१ तेथें नवी वही. अशा रीतीनें मध्यरात्रीपर्यंत बावीस वह्या निराळ्या झाल्या.

निराळ्या झाल्या, पण त्यांना नांवें नव्हतीं. साल पुठ्ठ्यावर होतें. पुठ्ठे पाण्यांत गेले होते. आणि पुठ्ठ्यांचीं चित्रें कोणीं घेऊं दिलीं नाहींत तें वर आलेंच आहे. ट्रंकेंतून जी वही हातीं येई ती आम्हीं स्कॅनरवर लाविली होती, त्यामुळें वेळेवरूनहि साल कळेना. चार वर्षें रोज वाचीत आल्यामुळें कांहीं पानें माझ्या परिचयाचीं वाटत, पण ‘पा. व. प्र.’ हें बावीसहि वह्यांत सारखेंच.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आजोबांनीं मला जवळ बसविलें. “वार आहे ना? मग साल कोठें जातें?” असें म्हणून त्यांनीं मला जो हिशेब शिकविला तो माझ्या मित्रमैत्रिणींनींहि करून पाहावा. साध्या वर्षाचे दिवस ३६५, म्हणजे बावन्न आठवडे आणि एक दिवस. म्हणून एखादी तारीख या वर्षीं सोमवारीं असली तर पुढल्या वर्षीं ती मंगळवारीं येते. मध्यें २९ फेब्रुवारी आली तर एकदम बुधवारीं. याप्रमाणें मोजीत गेलें कीं कोणतीं सालें कोणासारखीं आहेत तें निघतें. मीं प्रत्येक वहींतील एक तारीख व तिचा वार टिपून घेतला, २९ फेब्रुवारी आहे का तें पाहिलें, आणि बाकीचें काम पायथनला दिलें. १९६४, ६८, ७२, ७६, ८० व ८४ हीं सहा लीप वर्षें तात्काळ ओळखूं आलीं. लीप वर्षाचें पंचांग अठ्ठावीस वर्षांनीं पुन्हां जमतें, आणि आमच्या वह्या बावीसच वर्षांच्या. उरलेल्या सोळा वह्यांच्या सात टोळ्या झाल्या: पांच टोळ्यांत दोन दोन वह्या, दोन टोळ्यांत तीन तीन. १९६७ आणि १९७८ यांचे वार तंतोतंत सारखे, १९६६, १९७७ आणि १९८३ यांचे सारखे, असें.

येथपासून पुढें संगणकाचें काम संपलें आणि वाचनाचें सुरू झालें. १९६७ ची वही ओळखणें कठीण नव्हतें. ११ डिसेंबरच्या पानावर ‘पहाटे धरणीकंप. शाळेची पश्चिमेकडील भिंत पडली. ह. नाहीं’ असें होतें. कोयनेचा भूकंप त्याच पहाटे झाला. तिची जोडीदार वही मग १९७८ ची ठरली. एका वहींत जुलैमध्यें ‘चंद्रावर मनुष्य उतरल्याचें मुलांस सांगितलें’ अशी नोंद निघाली, ती अर्थात् १९६९ ची. एकींत बाजारांत मिलो ज्वारीखेरीज धान्य नाहीं असें मार्च महिन्यांत लिहिलेलें होतें. दुष्काळाचें तें वर्ष १९७३. एकींत शास्त्रीजींच्या निधनामुळें शाळा बंद, म्हणजे १९६६. शिक्षकांना खानेसुमारीला जावें लागे, मतदानाच्या कामाला जावें लागे. तींहि शाळेचींच कामें म्हणून वहींत आलीं होतीं, आणि त्यांवरून आणखी वह्या लागल्या. आई सुद्धां स्वयंपाक आटोपून वाचावयास बसली. तीन दिवसांत वीस वह्यांवर नांवें पडलीं.

दोन राहिल्या: १९७४ आणि १९८५. दोन्हींचे वार सारखे, आणि दोन्हींत भात, पाऊस व हजेरी यांवांचून कांहींहि नाहीं. संध्याकाळीं मी दोन्ही वह्यांतील पानें आलटून पालटून आजोबांना वाचून दाखवूं लागलें. पहिला पाऊस केव्हां पडला तें वाचलें, लावणी केव्हां उरकली तें वाचलें. आजोबा मान हालवीत. “सांगतां येत नाहीं,” ते म्हणत, “पुढें वाच.” बाबाहि शेजारीं येऊन बसले होते.

मीं वाचलें: “२३ जुलै, मंगळवार. पा. व. प्र. शाळेस गेलों नाहीं.”

‘शाळेस गेलों नाहीं’ हे शब्द एवढ्या वह्यांत दुसऱ्या कोठेंहि माझ्या वाचनांत आले नव्हते. आजोबा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. नंतर म्हणाले, “ती चौऱ्याहत्तरची वही.”

बाबांच्या आधीं एक बहीण झाली होती आणि ती तान्हेपणींच गेली, एवढें आम्हांला ठाऊक होतें. केव्हां गेली, कशानें गेली, तें घरांत कधीं कोणी बोललें नव्हतें. “आठ महिन्यांची होती,” आजोबा म्हणाले. “तीन दिवस ताप होता. ओढ्याला पूर. पाटण पलीकडे आणि आम्ही अलीकडे.”

बाबांनीं हळूच विचारलें, “वहींत लिहिलें कां नाहीं, आबा?”

“लिहिलें आहे कीं,” आजोबा म्हणाले. “पुढचें वाच, बाळ.”

“२४ जुलै, बुधवार. पा. कमी. ह. ११.”

रोज संध्याकाळीं आजोबा मला निरनिराळें साल सांगत आले आहेत. पण जुलैच्या तेविसाव्या तारखेस त्यांनीं चौऱ्याहत्तर साल कधींच सांगितलें नव्हतें, हें मला मागाहून आठवलें.

मीं त्या फोल्डरला १९७४ असें नांव दिलें. उरलेली वही १९८५ ची ठरली. त्याच रात्रीं नवें गांठोडें बांधलें. या खेपेस सालासह. तें दादाच्या मित्राच्या संगणकावर नेऊन सोडलें आणि मोजलें: फोल्डर २२, चित्रें २,०६१. प्रत्येक वहींतील पहिलें, मधलें व शेवटचें पान उघडून पाहिलें. दादाच्या प्रोग्रामांसाठीं बाबांनीं पुढच्या आठवड्यांत दुसरी डिस्क आणली, आणि वह्या मूळच्या जागीं राहिल्या. या २३ जुलैला दिवेलागणीनंतर आजोबा नेहमींच्या खुर्चीवर येऊन बसले, आणि मीं विचारण्यापूर्वींच म्हणाले, “आज चौऱ्याहत्तर.”